रविवारच्या सभेआधी: ग्रीन टॉवर आणि मेंटेनन्स

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. आपल्या इमारतीच्या पुनर्विकासाचं बिल्डरचं प्रेझेंटेशन ग्रुपवर टाकलंय. २२ मजले, सोलर, रेनवॉटर हार्वेस्टिंग, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचा प्लांट), ग्रीन रेटिंग. रविवारी विशेष सभा आहे, प्रश्न आत्ताच मांडा.

बी/१०४: रेनवॉटर हार्वेस्टिंग मुंबईत मोठ्या प्लॉटला २००२ पासून सक्तीचं आहे. बिल्डरचे उपकार नव्हेत ते.

ए/३०२: सोलर मला हवंच आहे. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक विजेसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं. पण गच्ची आहे तेवढीच राहणार आणि फ्लॅट २४ चे ११० होणार. लिफ्ट-पंपांचं बिल त्यातून किती भागेल, आकडा मागा.

ए/२: मला एकच सांगा, मेंटेनन्स किती येणार? आत्ता १,८०० भरते, तेही पेन्शनमधून. भाचीच्या टॉवरमधला एसटीपी दोन वर्षांत बंद पडला. ऑपरेटर परवडेना. आता झाडांनाही टँकरचं पाणी घालतात. घर माझं नि राहणं परवडेना, असं व्हायला नको.

बी/३०१: काकू, खरंय. पण माझ्या बहिणीला वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घराची चावी मिळाली. १६० चौरस फुटांतून ५०० मध्ये. जन्मभर सामाईक संडासापुढे बादली घेऊन उभी राहिली. पहिल्या दिवशी स्वतःच्या बाथरूमची कडी लावून आत रडत बसली. जुनं ते सगळं चांगलं, असं मी तरी म्हणणार नाही. फक्त तिची चाळीतली शेजारीण आता वेगळ्या मजल्यावर आहे. गॅलरीतून हाक मारली की यायची, आता फोन करावा लागतो.

बी/१०४: आपल्या जिन्याची सिमेंटची जाळी बघा. मे महिन्यात भर दुपारी तिथे वारा लागतो, फुकट. नव्या प्लॅनमध्ये लॉबी बंदिस्त आहे, म्हणजे दिवसाही दिवे. दोन्ही टोकं उघडी ठेवून जाळी लावा म्हणावं. ग्रीन मला तरी तेच वाटतं.

ए/३०२: आणि कॉर्पस, म्हणजे बिल्डर देणार ती एकरकमी रक्कम, वाटून घेऊ नका. सोसायटीच्या नावे ठेवू, व्याजातून जुन्या सभासदांचा मेंटेनन्स कमी करू. एसटीपी दहा वर्षं बिल्डरने चालवायचा, हे करारातच हवं.

बी/२०२: आम्ही भाडेकरू, आम्हाला मत नाही. पण इथे परत येणं आम्हाला परवडणार नाही. मुलाची शाळा समोरच आहे.

ए/२: जिन्याखालच्या इस्त्रीवाल्यांचं काय? १९ वर्षं तिथे आहेत. प्लॅनमध्ये त्यांची जागा दिसली नाही.

सेक्रेटरी: मलाही नाही दिसली. आर्किटेक्टना आजच फोन करतो.