फुलांचे काटे? स्पाइक, स्पाइन आणि आपला एकटा काटा

खारफुटी
मारांडी या खारफुटीतल्या काटेरी झुडपाच्या वर्णनाचा अनुवाद चालू आहे. मूळ मजकुरात एकाच वाक्यात 'स्पाइक' आणि 'स्पाइन' दोन्ही येतात: निळी-जांभळी फुलं शेंड्याला उभ्या स्पाइकमध्ये, आणि पानांच्या कडांना स्पाइन. कच्च्या खर्ड्यात दोन्हींना 'काटे' झालं होतं, म्हणजे 'निळ्या फुलांचे काटे'! पानांपुरता काटा ठीक आहे. फुलांना 'कणीस' लिहिलं, तर 'कणसात दाणे असतात, फुलं नव्हे' म्हणून खोडलं गेलं. 'तुरा' चालेल?

ओंबी
तुरा नको. उसाला तुरा येतो, मक्याच्या शेंड्यावर तुरा असतो, आणि ते दोन्ही फांद्या फुटलेले फुलोरे आहेत. स्पाइकची खूण अगदी साधी: एकच दांडा, त्याला फांदी नाही, आणि फुलं देठाशिवाय थेट दांड्याला चिकटलेली. फुलांना छोटे देठ आले की ती मंजरी. आघाडा हातात घेऊन बघा, देठ सापडणार नाही. विश्वकोशातला शब्द 'कणिश' आहे, तोच वापरा.

शुद्धमती
सहमत. 'कणिश' लिहिलं की 'कणीस'शी गोंधळही होत नाही.

रानवाट
गोंधळ होत नाही कारण वाचकाला काहीच कळत नाही. त्याला ती छपाईची चूक वाटेल. आणि 'कणसात दाणेच हवेत' हे कुणी ठरवलं? केवड्याचं कणीस म्हणतो की आपण. त्यात कुठले दाणे? आत नर-फुलं आणि भोवती सुगंधी पांढरी छदं, म्हणजे फुलांना झाकणारी पानं. कणीस शब्द फुलांना लागतो, याला याहून मोठा पुरावा कुठला?

ओंबी
केवड्याला कणीस म्हणतात ते मक्यासारखं पानांत गुंडाळलेलं दिसतं म्हणून. तो स्पाइकचा पुरावा होत नाही. शिवाय बोलीतल्या कणसाचा काही नेम नाही. ज्वारीचं कणीस शास्त्राच्या हिशेबात कणिश नाहीच, ती परिमंजरी, कारण आत फांद्यांवर फांद्या असतात. उलट ज्याला आपण कणीस न म्हणता ओंबी म्हणतो तो गहू खरा कणिशवाला: सरळ दांडा आणि त्याला बिनदेठाची कणिशकं, म्हणजे छोटी कणिशं. भाताची लोंबी पुन्हा परिमंजरी.

रानवाट
म्हणजे ज्याला कणीस म्हणतात ते कणिश नाही आणि जे कणिश आहे त्याला कणीस म्हणत नाहीत. उत्तम परिभाषा!

शुद्धमती
परिभाषेचं काम रेघ आखण्याचं असतं. 'कणिश' हा कण पासून आलेला जुना संस्कृत शब्द आहे, तो कुणी खोलीत बसून पाडलेला नाही.

चिकित्सक
जुना आहेच, पण अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, 'कणिशं सस्यमञ्जरी' असं आहे. म्हणजे तिथे कणिश हीच पिकाची मंजरी. देठ असला तर मंजरी आणि नसला तर कणिश, ही रेघ नंतरची. त्याच ओळीत धान्याच्या कुसाला, म्हणजे दाण्यावरच्या ताठ केसाला, 'किंशारु' आणि 'सस्यशूक' म्हटलंय. शूकधान्य म्हणजे कूस असलेलं धान्य, ते यावरूनच.

खारफुटी, मला तुमचा 'काटे ठीक' हा भाग जास्त खटकतो. इंग्रजीत तिथे तीन शब्द आहेत. फांदीचा झाला तो थॉर्न, पानाचा किंवा उपपर्णाचा (पानाच्या देठाच्या बुडाशी येणाऱ्या छोट्या पानाचा) झाला तो स्पाइन, नुसत्या सालीची वाढ असेल तर प्रिकल. मराठीत तिघांनाही काटा.

रानवाट
मग पानकाटा, फांदीकाटा, सालकाटा म्हणा. कंटक, शूल वगैरे कशाला हवेत?

ओंबी
शब्द छान आहेत, पण लावण्याआधी ओळखायला हवं. गुलाबाचा काटा अंगठ्याने आडवा दाबला की खळकन निघतो, खाली फक्त सालीवर वण राहतो, लाकूड दिसत नाही. तो सालकाटा. काटेसावरीच्या बुंध्यावरचे शंकूसारखे काटे त्याच जातीचे, झाड जून झालं की झिजतात. बोगनवेलीचा काटा ओढाल तर लाकडाचा धागा सोबत येईल, कारण तो पानाच्या बगलेतला कोंब आहे. करवंदीचा काटा पुढे दुभंगतो, त्यावरून तो फांदीचा असल्याचं कळतं. बाभळीचे काटे पानाच्या देठाच्या दोन्ही बाजूंना जोडीने येतात, ती उपपर्णं. बोरीलाही जोडीच, पण पुष्कळदा एक सरळ आणि एक आकडीसारखा वाकडा. काढताना तो आकडीवालाच मांस धरून ठेवतो.

सगळ्यात जास्त चूक निवडुंगात होते. मराठीत त्रिधारी निवडुंग आणि फड्या निवडुंग एकाच नावाखाली येतात, पण पहिला चिकाचा, शेर या झुडपाच्या कुळातला, आणि त्याचे काटे उपपर्णांचे. फड्या हा खरा कॅक्टस, त्याचे काटे पानांचे. लांब काट्यांच्या बुडाशी बारीक, उलट्या दातांच्या केसांचा झुबका असतो, तो खरा त्रासदायक. बोट चोळलं की ते आणखी आत जातात. चिकटपट्टी दाबून उचलावेत.

चिकित्सक
त्या केसांना काय म्हणायचं? कुसळ?

रानवाट
कुसळ गवताचं. कुसळी गवताचं बी कपड्यात घुसतं ते कुसळ. खाली अणकुचीदार टोक, त्यावर मागे वळलेले केस, आणि वर पिळलेली शेपटी. ओल लागली की पीळ सुटतो, सुकली की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्याने बी मातीत किंवा मेंढीच्या लोकरीत आत आत जातं. निवडुंगाचे केस असं काही करत नाहीत. ती कूस म्हणा, खाजकुयलीच्या शेंगेवर असते तशी.

शुद्धमती
कूस म्हणजे पोटाची बाजू, कूस बदलणे.

रानवाट
शब्द दोन असू शकतात. गव्हाच्या कुसाने कुणी कूस बदलली नाही.

चिकित्सक
गोखरूचं काय मग? 'गोक्षुर'मधला क्षुर म्हणजे वस्तरा, पण 'गो' आला की सगळे खूर म्हणतात. फळाचे पाच तुकडे होतात, प्रत्येकाला दोन लांब काटे, कसाही पडला तरी एखादं टोक वर राहतं. मला वस्तराच पटतो.

ओंबी
मग उटकटारी या काटेरी झाडाचं नाव उंटावरून की 'उत्कंटक'वरून? दोन्ही नावं संस्कृतात आहेत.

खारफुटी
थांबा. मारांडीच्या फुलांना शेवटी कणीस की कणिश? मजकूर उद्या जायचाय.

ओंबी
आधी हे बघा: मारांडीच्या पेरावर पानाच्या देठाशीही काट्यांची जोडी असते. तुमच्या मजकुरात ती आलीय का? 'पानांच्या कडांना' एवढंच लिहिलंत तर ती सुटेल.

रानवाट
आणि तो फांदीकाटा की पानकाटा, ते कोण सांगणार?