टाका, टीप, शिवण आणि रफू

प्रश्न: शिलाई मशीनच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद करताना 'टाका', 'टीप' आणि 'शिवण' हे शब्द मी एकमेकांच्या जागी वापरले आहेत. ते समानार्थी मानता येतील का?

उत्तर: मानू नयेत. सुई एकदा कापडातून खाली जाऊन वर आली की पडतो तो टाका. असे टाके सलग एका ओळीत पडले की ती टीप. आणि त्या टिपेने कापडाचे दोन तुकडे जोडले गेले की तो जोड म्हणजे शिवण. म्हणूनच आपण टाका घालतो, टीप मारतो आणि उसवते ती शिवण. 'टाक्याची लांबी २.५ मिमी ठेवा' हे बरोबर आहे, पण 'सरळ टाका मारा' हे कानाला खटकते.

'झिगझॅग'ला 'नागमोडी' म्हणण्याचा मोह टाळावा, कारण नागमोडीत वळणे गोलसर असतात आणि इथे सुई डावीउजवीकडे जात टोकदार कोपरे करते. कडेच्या दशा सुटू नयेत म्हणून ही टीप मारताना सुईचा उजवा ठोका कापडाच्या कडेच्या किंचित बाहेर पडावा लागतो, तरच दोरा कडेला वेढतो. बोलण्यात यालाच, आणि ओव्हरलॉकलाही (वेगळ्या मशीनवर कापडाच्या कडेभोवती दोरे गुंफणाऱ्या शिलाईलाही), सर्रास 'इंटरलॉक' म्हणतात. परंतु इंटरलॉक हे एका विणलेल्या कापडाचेही नाव असल्याने लेखनात झिगझॅगला 'झिगझॅग' आणि ओव्हरलॉकला 'ओव्हरलॉक'च म्हणावे.

प्रश्न: मग मशीनवर केलेल्या दुरुस्तीला 'रफू' म्हणावे का?

उत्तर: माझ्या मते म्हणावे, मात्र प्रत्येक दुरुस्तीला नव्हे. मशीनच्या पायाखालचे, कापड पुढे सरकवणारे दाते खाली करून, कापड हाताने मागेपुढे आणि मग आडवे सरकवत, विरलेल्या जागी उभ्याआडव्या दोऱ्यांची जाळी भरली, तर गेलेल्या विणीची जागा दोरा घेतो आणि ते रफूच ठरते, जरी हाताच्या रफूइतके ते लपत नाही. भोकावर वेगळा तुकडा ठेवून कडेने झिगझॅग मारले तर ते ठिगळ. विरलेला भाग कापून काढून उरलेले दोन तुकडे जोडले तर त्याला 'दंड घालणे' हा नेमका जुना शब्द आहे, आणि तिथे सरळ टीपच लागते.