'थर्टीन डेज' कुठे थांबवायचा?

प्रेषक: मेधा
विषय: मुलांची सिनेमा-बैठक, पहिला वृत्तांत

मंडळी,

वृत्तांत पाठवते म्हटलं होतं, तो हा. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

पंधरा ते सतरा वयाची अकरा मुलं आली. 'थर्टीन डेज' लावला. ऑक्टोबर १९६२, क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली तेव्हाचे तेरा दिवस. सलग दाखवायचा नाही हे आधीच ठरवलं होतं. २७ तारखेच्या शनिवारी क्युबावर अमेरिकेचं यू-टू हे टेहळणी विमान पाडतात, वैमानिक मरतो, तिथे रिमोट दाबला. मुलं ओरडली. मी चिठ्ठ्या वाटल्या. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हचं पहिलं पत्र तुमच्यासमोर आहे, लांबलचक, घालमेलीत लिहिलेलं: क्युबावर चढाई करणार नाही असं वचन द्या, आम्ही क्षेपणास्त्रं काढतो. सकाळी रेडिओवर दुसरं आलंय, जास्त कडक: तुर्कस्तानातली तुमची ज्युपिटर क्षेपणास्त्रंही काढा. विमान पाडलं तर ते जिथून पाडलं तो तळ उडवायचा हे तुमच्याच बैठकीत आधी ठरलंय. दहा मिनिटं आहेत. काय करणार?

अकरापैकी सात जणांनी तळ उडवला. कारण विचारलं तर म्हणे, "ठरलं होतं ना!"

मग पुढचा भाग लावला. राष्ट्राध्यक्ष केनेडी तळ उडवत नाही. त्याचा भाऊ रॉबर्ट रात्री सोव्हिएत राजदूत दोब्रीनिनला भेटतो आणि ज्युपिटरही हलवू, पण बोभाटा नको, असं सांगतो. इथवर छान जमलं होतं. पण सिनेमा संपल्यावर मुलांचा एकमुखी निकाल आला: केनेडी हुशार, रशिया घाबरला. मी जरा खचलेच. आणि तेवढ्यात मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, "मावशी, क्युबाला कुणी काही विचारलंच नाही का? त्यांचा नेता कॅस्ट्रो एकदाही बोलत नाही यात."

मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या बैठकीसाठी सूचना हव्यात.

मेधा

प्रेषक: सुहास
विषय: उत्तर: मुलांची सिनेमा-बैठक, पहिला वृत्तांत

मेधा,

धडपडीचं कौतुक आहेच. पण स्पष्ट बोलतो. सिनेमा बघून आंतरराष्ट्रीय राजकारण शिकणं म्हणजे हिंदी सिनेमातले कोर्टाचे प्रसंग बघून वकिली शिकणं. त्या सिनेमांत न्यायाधीश उठसूट हातोडा आपटतो. आपल्या कोर्टात हातोडा असतो कुठे?

याच सिनेमाचं घे. केविन कॉस्नरने रंगवलेला केनेडीचा सहायक केनी ओडॉनेल सगळीकडे मध्यभागी. वैमानिकांना फोन करतो काय, राष्ट्राध्यक्षाला धीर देतो काय. प्रत्यक्षात या पेचात त्याचा वाटा अगदी किरकोळ होता. मोठा नट घेतला की त्याला काम द्यावं लागतं, म्हणून इतिहास वाकवला. 'आर्गो'चं तेच. १९८० साली तेहरानमधून सहा अमेरिकन बाहेर काढले, ते मुख्यतः कॅनडाच्या राजदूताने आणि त्याच्या माणसांनी सांभाळले म्हणून. सिनेमात कॅनडा कोपऱ्यात, आणि शेवटी धावपट्टीवर विमानामागे बंदुका घेऊन गाड्या. असला पाठलाग झालाच नव्हता.

मुलांना वाटणार राजकारण असंच चालतं: एक शहाणा माणूस, एक कठीण रात्र, मागे संगीत. राजकारण फायलींत चालतं. कंटाळवाणं असतं. त्या कंटाळ्याची सवय लावायला हवी.

सुहास

प्रेषक: ओंकार
विषय: उत्तर: उत्तर: मुलांची सिनेमा-बैठक

सुहासकाका, तळ उडवणाऱ्या सात जणांत मी होतो. (शुद्धलेखन आईने तपासलंय.) माझा प्रश्न वेगळा आहे. आपल्या बैठकीच्या यादीतले सगळे सिनेमे अमेरिकेचेच का? आणि त्यातल्या लढाऊ विमानांचे पैसे कोण देतं?

प्रेषक: अनघा
विषय: उत्तर: उत्तर: मुलांची सिनेमा-बैठक

मेधा, सुहासकाका, ओंकार,

राज्यशास्त्राच्या वर्गात बरीच वर्षं सिनेमे वापरते आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आधी ओंकार, कारण त्याने दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. अमेरिकेत एखाद्या सिनेमाला खरी विमानं, खरी जहाजं हवी असली तर संरक्षण खातं ती देतं, पण आधी संहिता वाचतं. पटली तर सहकार्य, नाही तर नाही. 'टॉप गन'ला १९८६ साली नौदलाचं भरघोस सहकार्य होतं. 'थर्टीन डेज'ला मिळालं नाही. त्यातले सेनापती युद्धखोर दाखवलेत हे खात्याला रुचलं नव्हतं. तेव्हा कुठलाही युद्धपट बघताना "विमान कुणी दिलं?" हा प्रश्न आधी विचारायचा. मी तो वर्गात फळ्यावर लिहूनच ठेवते.

काकांचं तपशिलाबाबतचं म्हणणं मला सगळं मान्य आहे. घटना सिनेमातून शिकवूच नये. सिनेमा मी कोंडीसाठी वापरते. अण्वस्त्रांचा धाक कसा चालतो, यावर मी पूर्वी दोन तास बोलायचे आणि वर्ग पेंगायचा. आता कुब्रिकच्या 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'मधला (१९६४) एक प्रसंग दाखवते. सोव्हिएत संघाने असं यंत्र बसवलंय की देशावर बॉम्ब पडला की ते आपोआप अख्खं जग संपवेल. कुणालाही थांबवता येणार नाही. धाक म्हणून बिनतोड. एकच गोची: ते असल्याचं जगाला सांगितलेलंच नाही, सोमवारी जाहीर करणार होते. धाक समोरच्याच्या डोक्यात बसावा लागतो, तळघरात ठेवून उपयोग नाही, हे पोरांना हसता हसता कळतं. मग मी सांगते की ऐंशीच्या दशकात सोव्हिएत संघाने 'पेरिमीटर' नावाची याच जातीची यंत्रणा खरोखर उभारली. तिच्यात शेवटचं बटण माणसाच्या हाती ठेवलं होतं, एवढाच दिलासा. आणि तीही गुप्तच ठेवली होती! इथे कुणी हसत नाही.

दुसरा सिनेमा, माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा, 'बॅटल ऑफ अल्जिअर्स', १९६६, दिग्दर्शक जिलो पोंतेकोर्वो. फ्रेंचांविरुद्धचा अल्जीरियाचा स्वातंत्र्यलढा. तीन बायका आरशासमोर केस कापतात, रंगवतात, युरोपियन वेष करतात आणि टोपल्यांतून बॉम्ब घेऊन नाक्यावरच्या सैनिकांसमोरून जातात. त्यातली एक उपाहारगृहात टोपली ठेवते आणि लगेच उठत नाही. आजूबाजूला बघते. कॅमेरा तिच्या नजरेने एकेका चेहऱ्यावरून फिरतो: गप्पा मारणारी माणसं, आइसक्रीम चाटणारं एक लहान मूल. ही माणसं आता मरणार हे तिला ठाऊक आहे आणि आपल्यालाही. आतापर्यंत आपण तिच्या बाजूने होतो. आता कुणाच्या बाजूने आहोत? कुठल्या फायलीत हे मिळेल, काका?

त्यातला फ्रेंच कर्नलही खलनायक नाही. कैद्यांच्या छळाबद्दल पत्रकार खोदून विचारतात तेव्हा तो त्यांनाच उलट विचारतो, फ्रान्सने इथे राहायचं का? हो म्हणत असाल तर त्याचे सगळे परिणाम पत्करा. वर्ग यावर तासभर भांडतो. हा सिनेमा इतका खरा वाटतो की यात वार्तापटाचा एकही फूट वापरलेला नाही, अशी पाटी अमेरिकेतल्या प्रतींवर घालावी लागली. अल्जिअर्समधल्या लढ्याचा खरा म्होरक्या, यासेफ सादी, त्यात स्वतःसारखीच भूमिका करतो.

ऑगस्ट २००३ मध्ये, इराकमध्ये सैन्य उतरवल्यावर काही महिन्यांनी, पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, आपल्या लोकांना हाच सिनेमा दाखवला. दहशतवादाविरुद्धची लढाई जिंकून विचारांचं युद्ध कसं हरायचं, अशा आशयाचं पत्रक काढून! बघणाऱ्यांनी काय घेतलं, ते इराकच्या पुढच्या वर्षांनी दाखवलं. म्हणजे सिनेमा बघून शहाणपण येतंच असं नाही, हा मुद्दाही मी काकांना देऊन टाकते.

कॅस्ट्रोबद्दल विचारणाऱ्या मुलीला मात्र माझ्याकडून शाबासकी सांग. क्युबाला खरंच विचारलं नव्हतं. ख्रुश्चेव्हने परस्पर माघार जाहीर केली आणि कॅस्ट्रो भयंकर चिडला. सिनेमातली खोली कुणाला आत घेते आणि कुणाला नाही, हे तिला न शिकवता दिसलं.

अनघा

प्रेषक: मंडळ चिटणीस
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: मुलांची सिनेमा-बैठक

चर्चा उत्तम. फक्त आधीचे सगळे मेल खाली चिकटवू नका, निम्म्या लोकांची तक्रार आली आहे.

प्रेषक: सुहास
विषय: केनेडींच्या टेप्स (विषय मुद्दाम बदलला आहे)

अनघा,

त्या आइसक्रीमवाल्या मुलापुढे मी निरुत्तर आहे. परवा रात्री सिनेमा पाहिला. झोप लागायला वेळ लागला.

पण अट ठेवतो. प्रत्येक सिनेमामागे एक खरा कागद मुलांसमोर यायला हवा. केनेडी त्या बैठका गुपचूप टेप करत होता आणि त्यांची शब्दांकनं आता कुणालाही वाचता येतात. मी आठवडाभर तीच वाचतोय. सिनेमात युद्धाची घाई सेनापतींना, आणि भावाभावांची जोडी शहाणी. टेपवर पहिल्याच दिवशी, १६ ऑक्टोबरला, बॉबी (म्हणजे रॉबर्ट) केनेडीच हल्ल्यासाठी एखादं निमित्त घडवून आणता येईल का, अशा गोष्टी बोलतो! आणि २७ तारखेला तुर्कस्तानचा सौदा जगाला रास्तच वाटेल हे धरून बसलेला राष्ट्राध्यक्ष त्या खोलीत जवळजवळ एकटा पडलेला आहे. सल्लागार एकामागून एक विरोध करतात, हा पुन्हा तिथेच येतो. कंटाळवाणं वाटेल म्हणून मी वाचायला बसलो होतो, दोनदा चहा गार झाला.

ओंकार, तू आणि तुझे सहा दोस्त त्या खोलीत बहुमतात असता. ती पानं मी छापून आणतो.

सुहास

प्रेषक: मेधा
विषय: पुढची बैठक

सुहासकाका, ठरलं. सिनेमा आमचा, कागद तुमचा.

ओंकारच्या तक्रारीवरून पुढचा सिनेमा बोस्नियाचा, डॅनिस तानोविचचा 'नो मॅन्स लँड'. आपल्या 'लगान'चं ऑस्कर ज्याने नेलं, तोच. तेव्हा मी रागाने बघायलाच गेले नव्हते. आता पाहिला आणि राग गेला. दोन फौजांच्या मधल्या खंदकात एक बोस्नियन आणि एक सर्ब अडकलेत. युद्ध कुणी सुरू केलं यावर वाद. बंदूक बोस्नियनाच्या हातात, म्हणून सर्ब कबूल करतो, आम्ही. थोड्या वेळाने बंदूक सर्बाच्या हातात जाते, तोच प्रश्न, आणि आता बोस्नियन म्हणतो, आम्ही. तिसरा एक जण सुरुंगावर आडवा पडलेला. हलला तर फुटेल. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना येते, पत्रकार येतात, सुरुंगवाला तज्ज्ञ येतो.

प्रश्न एवढाच की थांबवायचं कुठे. मी म्हणते, तज्ज्ञ सुरुंग बघून उठतो आणि अजून काही बोललेला नसतो, तिथे. चिठ्ठीवर प्रश्न: तुम्ही शांतिसेनेचे कर्नल आहात, बाहेर कॅमेरे उभे आहेत, त्यांना काय सांगाल?

अनघा, तुझं काय मत? आणि ओंकार, तू शेवट आधी बघून येऊ नकोस.

मेधा

प्रेषक: ओंकार
विषय: उत्तर: पुढची बैठक

उशीर झाला मावशी. कालच बघितला.