'कामगंध' माणसाला चालेल का?

कापूसकोंड्या (परभणी): अंगाच्या वासाचा माणसांच्या वागण्यावर काय परिणाम होतो, यावरचा लेख मराठीत करतोय. 'फेरोमोन'ला, म्हणजे एकानं सोडलेल्या आणि त्याच जातीच्या दुसऱ्याच्या वागण्यावर परिणाम करणाऱ्या रसायनाला, सरळ 'कामगंध' लिहिलं. बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा म्हणतात, तोच शब्द. बायकोनं वाचलं न् विचारलं, "हात मिळवण्यात कसला आलाय काम?" लेखात २०१५ चा इस्रायलमधला प्रयोग आहे. लपवलेल्या कॅमेऱ्यात दिसलं, की हात मिळवल्यावर लोक नकळत तोच हात नाकाशी नेतात. दुसरा शब्द सुचवा.

नांदेडची लेक: वहिनींचं बरोबर आहे. कामगंध पतंगाला ठीक, मादीचा वास लागला की नर आलाच सापळ्यात. माणसाचं असं एकही रसायन अजून पक्कं सापडलेलं नाही. 'देहगंध' लिहा.

जुनी पोथी: देहगंध म्हणजे अंगाला फासायचं गंध वाटतं. 'घ्राणसंकेत' करा.

शिवारातला: शेतकऱ्याच्या तोंडी बसलेला शब्द टाकून हे काय? कामगंध म्हणलं की कापूसवाल्याला लगेच कळतं.

जुनी पोथी: कळतं, पण चुकीचं. मुंग्या वाट आखतात तेही फेरोमोननंच. १९५९ साली हा शब्द घडवला तेव्हा ग्रीकमधून 'वाहणे' आणि 'चेतवणे' घेतलं. त्यात काम कुठं आहे?

औसेकर: घ्राणसंकेत कोण म्हणलालंय हो? आमच्यात 'अंगाचा वास', संपलं.

नांदेडची लेक: पुण्यात "वास येतोय" म्हणून बघा, लोक आधी आपली काख तपासतात.

औसेकर: ते क्रियापदावर आहे. फोडणीचा वास 'सुटतो', मोज्याचा 'मारतो', आणि 'येलालाय' दोन्हीला चालतं. आजोळी वासरू मेलं की कातड्यात भुसा भरून गाईपुढं ठेवायचे. ती हुंगायची, चाटायची, पान्हा सोडायची. म्हणून तर 'वासरू', वासावरून ओळखायचं ते!

जुनी पोथी: काहीही! वासरू 'वत्स'वरून. त्यापेक्षा 'घाण' बघा, मूळ 'घ्राण', नुसतं वास घेणं. चांगला शब्द आपण नासवला. संस्कृत ग्रंथांत आईबाप लेकराचं डोकं हुंगतात, ते 'मस्तकावघ्राण'. म्हणजे लेकराची माया आणि गटाराची घाण एकाच धातूची.

नांदेडची लेक: शी! पण टाळू मीही हुंगायचे. बाळंतिणीला आपल्या बाळाचं झबलं वासावरून ओळखता येतं, हे प्रयोगांतही दिसलंय.

कापूसकोंड्या (परभणी): मंडळी, माझा शब्द? पुढं २०२२ चा प्रयोग आहे. पहिल्याच भेटीत सूर जुळलेल्या मित्रांच्या अंगाचे वास अनोळखी जोड्यांपेक्षा जास्त सारखे निघाले, इलेक्ट्रॉनिक नाकानं मोजलं. तिथं कामगंध लिहिला तर माझे मित्र मला वाळीत टाकतील.

औसेकर: 'मैत्रगंध' काढा. उद्या 'भाऊबंदगंध'. पण 'घामटाण' कसं कुणी काढलं नाही?

जुनी पोथी: कुबटाण, जळकटाण, घामटाण. शेवटचं 'टाण' म्हणजे 'घाण'च असणार.

शिवारातला: मग नुसतं 'घामट' म्हणलं तर घाण गेली कुठं?

नांदेडची लेक: आमच्याकडं तेलाला 'खवटाण' येते, शेंगदाणे मात्र नुसते 'खवट'. लातूरकडं काय म्हणतात?