उजनीचं पाणी चढतंय, गळ कुठे टाकावा?

प्रश्न: आठवडाभर संततधार. धरणामागच्या फुगवट्यात पाणी गढूळ, नेहमीच्या खोल जागी काहीच लागत नाही. मासा गेला कुठे?

भीमाकाठ यांचं उत्तर: काठाला आलाय. नव्याने बुडालेल्या गवतात किडे, गांडुळं मिळतात, त्यामुळे चिलापी दोन-तीन फुटांतच सापडेल. तरंगणारं बूच आणि गळ यांत दीड फूट अंतर ठेवा. कणकेऐवजी गांडूळ लावा. गढुळात नजर चालत नाही, वास चालतो. ओढ्याच्या तोंडाशी गढूळ-निवळ पाण्याची रेघ दिसते, तिच्या निवळ बाजूला टाका.

पाणलोट यांचं उत्तर: उजनीकडचा पाऊस थांबला तरी पुणे जिल्ह्यातल्या धरणांचं पाणी येतच राहतं. दौंडचा विसर्ग, म्हणजे तिथून उजनीत येणारं पाणी, रोज बघा. उजनीतून सोडलेलं पाणी येणाऱ्यापेक्षा जास्त झालं की पातळी उतरते, काठचा मासा खोलात सरकतो. आणि अंड्यावरची (पोटात अंडी असलेली) रोहू-कटला लागली तर कृपा करून लगेच सोडा.