सात सांगाड्यांची लढाई हातानं कशी केली असेल? आणि आमच्या किल्ल्यावरच्या मावळ्याचं काय करू?

वडगावचा_किल्लेदार
नमस्कार मंडळी. पोरगी सातवीत आहे. गेल्या महिन्यात तिला 'जेसन अँड द आर्गोनॉट्स' दाखवला, 1963 चा. मला वाटलेलं दहा मिनिटांत उठून जाईल, पण शेवटी जमिनीतनं ते सात सांगाडे ढाली तलवारी घेऊन वर येतात ना, तिथं जी गप्प झाली ती लढाई संपेपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "पप्पा, हे कुणीतरी हातानं हलवलंय ना?" कुणी सांगितलं नव्हतं तिला, तिचं तिनंच ओळखलं. लई बरं वाटलं मला.

आता तिचा हट्ट आहे की दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांची अशीच लढाई करायची. दोन रविवार आम्ही दोघं तेच करालोय. शाडूचा मावळा केला, मोबाईल स्टुलावर टेकवून 180 फोटो काढले, सेकंदाला 12 धरून जोडले तर 15 सेकंद झाले, पण त्यात मावळा नुसता थरथरतोय, मधेच उजेड मधेच अंधार दिसतोय आणि चार-पाच फोटो झाले की हात कोपरात चिरतोय. त्या माणसानं हे सगळं कसं सांभाळलं असेल? आणि पुढचा सिनेमा कुठला दाखवू तेही सांगा.

शाडू_आणि_रंग
दादा, शाडू यासाठी नव्हेच. आमच्या घरात तीन पिढ्या गणपती करतात, शाडू एकदा सुकायला लागला की वाकत नाही, चिरतोच, त्यात तुमचा काही दोष नाही. पोरांची मेणमाती घ्या, तेलातली असते, सुकत नाही. आणि आत तार पाहिजेच. बाइंडिंग वायर घालू नका, चार वेळा वाकवली की तुटते, अॅल्युमिनियमची तार दुहेरी पिळून घाला. डोकं आणि हत्यारं तेवढी वेगळी, कडक करा, म्हणजे दर वेळी बोट लागून नाक चेपणार नाही.

टर्नर_उद्यमबाग
माझा आवडता विषय काढलात, जरा लांब लिहितो.

हे काम रे हॅरीहाउझेनचं. 1933 चा 'किंग काँग' बघितला तेव्हा तो 13 वर्षांचा होता, तिथनं हे वेड लागलं, आणि पुढं काँग करणाऱ्या विलिस ओब्रायनच्याच हाताखाली 'माइटी जो यंग'वर (1949) काम केलं. मला सगळ्यात भावतं ते म्हणजे त्याचे वडील मशिनिस्ट होते, आणि बाहुल्यांच्या आतला धातूचा सापळा ते लेथवर करून द्यायचे. म्हणजे आपल्या मशीन शॉपमध्ये रोज चालतं तेच काम. प्रत्येक सांध्यात एक गोळी आणि तिला धरणाऱ्या दोन पट्ट्या, स्क्रू इतकाच आवळायचा की हात ढकलला तर फिरावा पण सोडला की तिथंच थांबावा. मी एकदा रिकाम्या वेळात 8 एमएमच्या बेअरिंगच्या गोळ्या वापरून एक खांदा करून बघितला. जरा सैल ठेवला तर तलवारीच्या वजनानं हात खाली यायचा, पाव आटा आवळला तर फिरवताना अख्खी बाहुलीच उचलली जायची. त्या पाव आट्यात दोन तास गेले.

आता तुमचा थरथराट. तो दोन कारणांनी होतो. एक म्हणजे पाय मोकळे आहेत. फळीला भोकं पाडा, मावळ्याच्या तळव्यात नट बसवा, खालनं स्क्रू मारा, पाऊल उचललं की पुढच्या भोकात. दुसरं, किती हलवलं ते तुम्ही अंदाजानं ठरवताय. हॅरीहाउझेन सरफेस गेज वापरायचा, उभ्या दांड्यावर सुई बसवलेली असते तो, आपण शॉपमध्ये मार्किंगला वापरतो तोच. सुईचं टोक बाहुलीच्या नाकाशी लावायचं, बाहुली हलवायची, टोकापासनं किती अंतर पडलं ते बघायचं, गेज बाजूला काढायचा, मगच फोटो. कार्डबोर्डच्या तुकड्यात सुई खोचून घरी करता येतंय.

आणि त्या सात सांगाड्यांना, पोरीला सांगा, साडेचार महिने लागले. दिवसाला सरासरी तेराएक फ्रेम, म्हणजे तेराएक फोटो. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेम पळतो, म्हणजे दिवसभर राबून अर्धा सेकंद. त्यात समोरची माणसं आधीच शूट झालेली, हवेत तलवार फिरवणारी. तो पिक्चर एकेक फ्रेम करत बाहुलीच्या मागच्या पडद्यावर टाकायचा आणि माणसाची तलवार जिथं येते बरोबर तिथंच सांगाड्याची ढाल आणायची. एक चुकलं तर सगळं परत.

रात्रीचा_शो
उजेडाचं मी सांगते. खिडकी बंद करा, पडदा लावा, फक्त दिव्यावर काढा. ढग आला गेला की फोटोत दिसतंच. मोबाईलमध्ये फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, आणि दोघांनीही गडद कपडे घाला, पांढऱ्या शर्टाचा उजेड मावळ्यावर पडतो हे मला स्वतः करून बघेपर्यंत कळलं नव्हतं.

सिनेमा म्हणाल तर आता मागं जा, 'द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद', 1958. त्यात एकच सांगाडा आहे, पण बर्नार्ड हर्मनचं संगीत ऐका, झायलोफोनवर हाडं वाजतात अक्षरशः. पुढं त्या सातांमधला एक सांगाडा म्हणजे हाच, परत वापरलेला. मग सिंदबादचाच 'गोल्डन व्हॉयेज', सहा हातांच्या कालीची मूर्ती सहा तलवारी घेऊन लढते तो. देवीला असं राक्षसासारखं दाखवलेलं मला पटत नाही, पोरीला आधी तेवढं सांगा, पण सहा हात एकाच वेळी सहा दिशांना चालवणं हे काम मात्र बघायलाच पाहिजे. 'क्लॅश ऑफ द टायटन्स' (1981) शेवटी ठेवा, तो त्याचा शेवटचा. मेड्युसा अंधारात शेपटी ओढत येते, केसांतला एकेक साप वेगळा वळवळतो. ते रात्री दाखवू नका.

आणि आपल्या दादासाहेब फाळक्यांचंही सांगा तिला. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणे पेरून महिनाभर रोप कसं वाढतं ते कॅमेऱ्यात धरलं होतं, पडद्यावर मिनिटभरात रोप वर.

वडगावचा_किल्लेदार
सगळ्यांचे लई आभार. टर्नर अण्णा, फळीला भोकं पाडून झाली, दोन-दोन सेंटिमीटरवर. मेणमाती आणि अॅल्युमिनियमची तार घातली, सुईवर अंतर बघून हलवला, कोपर 40 फोटो टिकलं आणि थरथर गेली. पोरीनं आईची काळी ओढणी पांघरून सगळे फोटो स्वतः काढले, मला हात लावू दिला नाही. फक्त डावा पाय उचलताना स्क्रू सुटतोय, तिथं नट कुठल्या साइजचा बसवू तेवढं सांगा की.

टर्नर_उद्यमबाग
एम3 चा, म्हणजे 3 एमएमच्या स्क्रूला बसतो तो. सुपरग्लूनं तळव्यात चिकटवा आणि रात्रभर तसाच ठेवा, घाई करू नका.