परदेशात सेवा करणाऱ्या तरुण मॉर्मन मिशनरीचा दिवस कसा जातो?

वाचनवेडी

नमस्कार. जपानमधील ख्रिस्ती धर्मप्रसाराविषयी वाचत असताना चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे ज्यांना आपण सर्वसाधारणपणे मॉर्मन म्हणतो, त्यांचा उल्लेख आला. 1901 मध्ये या चर्चचे एक नेते हेबर ग्रँट आणि त्यांचे तीन सहकारी योकोहामाला उतरले, 1924 मध्ये ते काम बंद पडले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर 1948 मध्ये पुन्हा सुरू झाले, इतका इतिहास सहज मिळाला. मात्र आज तिथे पाठवला जाणारा अठरा-एकोणीस वर्षांचा अमेरिकन मुलगा सकाळपासून रात्रीपर्यंत नेमके काय करतो, हे कुठे नीट वाचायला मिळाले नाही. देश तो स्वतः निवडतो का? त्याला पगार असतो का? दिवसभर अनोळखी दारे ठोठावून नकार ऐकणे हाच या कामातील सर्वांत अवघड भाग असावा, असा माझा अंदाज आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

सॉल्टलेकवासी

माझे बरेचसे सहकारी तरुणपणी मिशनवर, म्हणजे या धर्मप्रसाराच्या सेवेवर, जाऊन आलेले असल्यामुळे हा विषय जेवणाच्या सुट्टीत अनेकदा निघतो. देश निवडता येत नाही. अर्ज करायचा आणि चर्चच्या मुख्यालयातून येईल ती नेमणूक स्वीकारायची, अशी पद्धत आहे. एकाच घरातील एक भाऊ ब्राझीलला आणि दुसरा शेजारच्याच राज्यात, असेही होते. मुलांची सेवा 24 महिन्यांची आणि मुलींची 18 महिन्यांची असते. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये किमान वय मुलांसाठी 19 वरून 18 आणि मुलींसाठी 21 वरून 19 असे खाली आणल्यावर, विशेषतः मुलींचे अर्ज फार वाढले.

पगार नसतो, उलट पैसे भरावे लागतात. अमेरिकेतून जाणाऱ्यांसाठी ही रक्कम जुलै 2020 पासून महिन्याला 500 डॉलर आहे आणि नेमणूक महागड्या शहरात असो की स्वस्त गावात, ती बदलत नाही. स्वतःची बचत, आईवडील किंवा स्थानिक मंडळी यांच्याकडून ती उभी राहते. राहण्याची जागा मिशन पुरवते आणि खाण्यापिण्यासाठी व प्रवासासाठी दरमहा ठरावीक रक्कम हातात येते, जी महिनाअखेरपर्यंत पुरवण्याची कला बहुतेकांना तिथेच शिकावी लागते.

दिवसाचा जुना साचा असा: साडेसहाला उठणे, अर्धा तास व्यायाम, न्याहारी, आठ वाजता एकट्याने धर्मग्रंथांचा अभ्यास, त्यानंतर जोडीदाराबरोबर, म्हणजे सोबत नेमलेल्या दुसऱ्या मिशनरीबरोबर, अभ्यास, परदेशी असल्यास भाषेचा अभ्यास, मग बाहेर पडणे, रात्री नऊ-साडेनऊला परत येणे आणि साडेदहाला दिवे बंद. 2017 पासून या वेळा स्थानिक परिस्थितीनुसार थोड्या मागेपुढे करण्याची मुभा मिळाली आहे. आठवड्यातील एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुणे, बाजारहाट आणि घरी पत्र लिहिणे यांसाठी राखलेला असतो. त्याला ते आपसांत पी-डे (प्रिपरेशन डे, म्हणजे तयारीचा दिवस) म्हणतात. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन फक्त नाताळ आणि मातृदिन या दोनच प्रसंगी करता येत असे. आता दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. पूर्वी जाऊन आलेली मंडळी या सवलतीबद्दल जरा कुरकुरतात, अर्थात प्रेमानेच.

ओसाकाकर

वरील माहितीत जपानपुरती भर घालतो. युटामधील प्रोव्हो येथील प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे जपानी शिकून ही मुले इथे येतात आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात येते की वर्गात पाठ केलेली वाक्ये आणि स्थानकावर घाईत असलेल्या माणसाचे उत्तर यांचा मेळ बसत नाही. मी त्यांना बहुतेक वेळा सायकलवर, शिरस्त्राण आणि टाय घातलेल्या अवस्थेत पाहिले आहे. दार ठोठावण्याला इथे फारसा अर्थ उरलेला नाही, कारण मोठ्या इमारतींत खालच्या बेलवरच संभाषण संपते. त्यापेक्षा त्यांचे विनामूल्य इंग्रजी संभाषण वर्ग अधिक चालतात. तिथे येणाऱ्या निवृत्त आजीआजोबांना धर्मात रस असतोच असे नाही, परंतु ते नेमाने येतात.

पथ्याचा मुद्दा इथे रोजचा होऊन बसतो. मद्य, तंबाखू आणि कॉफी यांच्याबरोबर चहाही त्यांना वर्ज्य आहे आणि त्यात हिरवा चहाही मोडतो. जपानी घरात पाहुण्यापुढे सर्वांत आधी तोच ठेवला जातो. सरावलेली मुले बसण्यापूर्वीच भाजलेल्या सातूचा मुगिचा चालेल असे नम्रपणे सुचवतात, कारण तो चहाच्या पानांचा नसतो. नवखी मुले मात्र कप हातात धरून बसलेली मी पाहिली आहेत.

वाचनवेडी, आपल्या अंदाजाविषयी मात्र मतभेद नोंदवतो. नकाराची सवय महिन्याभरात होते, असे त्यांच्यापैकी अनेकांनी मला सांगितले. अवघड असतो तो जोडीदार. हे तरुण चोवीस तास जोडीने राहतात. स्नानगृह आणि मिशनच्या अध्यक्षांबरोबरची, म्हणजे त्या भागातील मिशनरींच्या प्रमुखांबरोबरची, खासगी भेट असे मोजके अपवाद वगळता, जोडीदार दिसेल आणि त्याचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावरच थांबायचे, असा नियम आहे. झोपण्याची खोलीही एकच. जोडीदार अध्यक्ष ठरवतात आणि साधारण सहा-सहा आठवड्यांनी होणाऱ्या बदल्यांत तो बदलू शकतो किंवा तसाच राहू शकतो. ज्याच्याशी सकाळी भांडण झाले आहे त्याच्याच शेजारी बसून दुपारी अनोळखी कुटुंबाला प्रेम आणि क्षमा शिकवायची, यात काय ताण असेल याची कल्पना करून पाहावी. त्यातच दोघे एकमेकांना पहिल्या नावाने नव्हे, तर एल्डर (मुलांसाठी) किंवा सिस्टर (मुलींसाठी) आणि आडनाव अशीच हाक मारतात.

तटस्थ

जोडीदाराचा मुद्दा पटला, तरी हे वर्णन मला थोडे सौम्य वाटते. दोघांनी राहण्याचा नियम सुरक्षिततेसाठी आणि नैतिक आचरणासाठी आहे असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु ज्या वयात शंका येतात त्याच वयात एकट्याने विचार करायला जागाच ठेवायची नाही, असाही त्याचा परिणाम होतो. दर आठवड्याला अध्यक्षांना पत्र, किती जणांना शिकवले आणि किती जण सभेला आले याचे आकडे, शिवाय मनोरंजनावर कडक मर्यादा आणि प्रेमप्रकरणावर पूर्ण बंदी, हे सर्व एकत्र पाहिले पाहिजे. 2013 पासून प्रचारासाठी इंटरनेट वापरण्याची परवानगी आली, तरी फोनही जोडीदाराच्या नजरेसमोरच वापरावा अशी अपेक्षा असते.

वाचनवेडी

सर्वांचे आभार. माझा अंदाज चुकीच्या ठिकाणी होता तर. मग हा ताण सहन न झाल्यास मुदतीआधी परत येता येते का?

सॉल्टलेकवासी

येता येते. कायदेशीर बंधन काहीच नसते, आणि मानसिक किंवा शारीरिक आजारासाठी सन्मानाने सेवामुक्त केले जाते. काहींना घरी राहून रुग्णालयात किंवा अन्नवाटप केंद्रात सेवा पूर्ण करण्याचा पर्यायही दिला जातो. अडचण नियमांची नसून गावाची असते. ज्या वस्तीत जवळजवळ प्रत्येक घरातील मुलगा जाऊन आलेला आहे, तिथे पाच महिन्यांत परतलेल्याला विमानतळावर घ्यायला किती जण जमतात, यावरून त्याला बरेच काही कळते. तटस्थ यांच्या आक्षेपात तथ्य आहे. परंतु माझ्या सहकाऱ्यांपैकी चर्च सोडून गेलेले दोघेही मिशनच्या काळातील आपल्या जपानी आणि पोर्तुगीज जोडीदारांशी आजही नियमित बोलतात आणि मिशनविषयी कडवटपणे बोलत नाहीत, हेही नोंदवायला हवे.